बेडकाची पेन्शन

राज्य सरकारच्या नोकरीत माणूस 58 व्या वर्षी निवृत्त होतो. त्यानं जन्मभर काम केलं की फायलीवर फाइल रचली, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना सारखंच. माझ्या मासेमारीच्या डब्यातला सेवानियम मात्र वेगळा आहे. तिथं जो काही कामाचा नाही तो कामावर राहतो, आणि ज्यानं एकदा डोळे दिपवणारी कामगिरी केली त्याला मी लगेच घरी बसवतो.

हा डबा लुअरचा. लुअर म्हणजे खोटा मासा, खोटा बेडूक, नाहीतर नुसताच चकाकणारा पत्रा. कटला-रोहूच्या मागं लागलेल्यांना त्याची गरज पडत नाही. ते पिठाचा गोळा गळाला लावतात, छत्री उघडतात आणि ध्यानाला बसतात. पण मरळ किंवा जिताडा हे शिकारी मासे. त्यांना पळणारं काहीतरी दाखवावं लागतं. तेव्हा खोटा मासा लांब फेकायचा, रील फिरवत तो खरा असल्यासारखा पाण्यातून ओढायचा, आणि समोर काहीच घडलं नाही की पुन्हा फेकायचा. यात खांदा दुखतो, पण आपण काहीतरी करतोय असं वाटत राहतं.

या छंदाला कांजूरमार्गसारखी जागा नाही. पश्चिमेला शेअर रिक्षानं गांधीनगरचा सिग्नल पार केला की पवईचा तलाव, पूर्वेला मिठागरं ओलांडली की ठाण्याची खाडी. एकीकडं गोडं पाणी, दुसरीकडं खारं, आणि मधून मध्य रेल्वे. पवईचा तलाव 1891 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, पण ते पाणी पिण्याच्या लायकीचं ठरलं नाही. त्यामुळं तो हौशी लोकांच्या वाट्याला आला. तिथं महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. तलावात मगरीही आहेत. त्या सभासद नाहीत, पण मासे सगळ्यांत जास्त त्याच पकडत असाव्यात. खाडीची तर आता आणखी बढती झाली. 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य, 2022 मध्ये रामसरचा दर्जा. आमच्या स्टेशनावर सरकता जिना कधी चालतो, कधी चालत नाही, पण आमचे पक्षी आंतरराष्ट्रीय आहेत.

तर माझ्या निवृत्त मंडळींकडे वळू. त्यांतला सर्वांत ज्येष्ठ आहे तो चमचा.

1852 साली अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल नावाच्या गृहस्थानं धातूच्या चमच्यासारख्या लुअरचं पेटंट घेतलं. दंतकथा अशी की होडीत बसून खाताना त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला, आणि लकाकत तळाशी जाणारा तो चमचा एका माशानं उचलला. आमच्या अण्णांना ब्यूएल ठाऊक नव्हता. ते कांजूरच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि लुअर विकत घेणं ही त्यांच्या मते पैशांची नासाडी होती. त्यांनी आईच्या सहा चमच्यांच्या सेटमधला एक चमचा गुपचूप कारखान्यात नेला. दांडा कापला, दोन्ही टोकांना भोकं पाडली, कडा कानशीनं घासल्या, एका कडीत दोरी आणि दुसरीत तिहेरी गळ. फक्त एक गोष्ट राहून गेली. त्या काळी लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालून घेत. या चमच्याच्या पाठीवर भांडीवाल्यानं ठिपक्याठिपक्यांत कोरलेली आईची आद्याक्षरं तशीच होती.

असोसिएशनच्या एका मेंबराचे पाहुणे म्हणून अण्णा पवईला गेले आणि त्या चमच्यावर हातभर मरळ घेऊन आले. आई मासा कापायला बसली. जबड्यात चमचा अडकलेला. तिनं तो काढला, धुतला, उलटा केला आणि स्वतःचं नाव वाचलं. हा चमचा हरवल्यापासून तिचं शेजारच्या बिऱ्हाडाशी बोलणं बंद होतं.

कालवण झालं, पण वाढताना कुणी बोललं नाही. जेवणानंतर अण्णा चाचरत म्हणाले, "हवा तर परत घे, सेटमध्ये ठेव."

"भोकं पडलेल्या चमच्यानं साखर तुम्हीच घ्या," आई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी तिनंच तो चिंचेनं घासून देवघराशेजारच्या फळीवर ठेवला. पुन्हा त्याला पाण्यात जाऊ दिलं नाही. उरलेले पाच चमचे आजही आमच्या स्वयंपाकघरात नोकरीवर आहेत. सहावा शोकेसमध्ये, मानद.

दुसरा निवृत्त कर्मचारी रबरी बेडूक. बेडूक ही मरळीसाठीची खास योजना आहे. पोट पोकळ, दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले, म्हणजे जलपर्णीत अडकत नाहीत. मरळीनं तोंडात धरून पोट दाबलं की मगच टोकं बाहेर येतात. बदलापूरच्या पुढं एका तळ्यावर माझ्या मुलानं, तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता, हा बेडूक कमळाच्या पानांवरून टुणूक टुणूक ओढला. पाणी फुटल्याचा असा आवाज झाला की मी त्याच्या आधी ओरडलो. मासा निघाला वीतभरच. पण बेडकाचा एक पाय मरळीनं ठेवून घेतला.

परतीच्या गाडीत पोरगं म्हणालं, "बाबा, याला आता परत नाही टाकायचं."

"अरे, एका पायावरही चालेल तो."

"त्याला लागलंय ना!"

यावर बापाकडं उत्तर नसतं. बेडूक आजारपणाच्या कारणानं मुदतपूर्व निवृत्त झाला. मुलगा आता पुण्यात आयटीत आहे आणि मासे मोबाइलवरून मागवतो, साफ केलेले, काटे काढलेले. फोनवर मात्र अधूनमधून चौकशी करतो, "बेडूक आहे ना?" आजीची तब्येत तो याच सुरात विचारायचा.

तिसरी लुअर जरा विलायती. फिनलंडच्या लाउरी रापाला या गरीब कोळ्यानं 1936 मध्ये बुचाच्या लाकडाचा मासा कोरला. अंगाला चॉकलेटची चांदी गुंडाळली, वर लेप म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लावल्या. 1962 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या 'लाइफ' मासिकात त्या माशावर लेख आला आणि त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती. अंक तडाखेबंद खपला, आणि रापालाच्या घरी ऑर्डरींचा पूर आला. त्याच घराण्यातला एक मासा मी घेतला. किंमत बायकोला सांगितली, तीही निम्मी.

पवईला पहिल्याच दिवशी तो पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला. ओढला, हिसकला, दोरी तुटली. पोहत जाऊन आणावा इतका महाग होता, पण खाली मगरीचं क्षेत्र. पुढं मे महिन्यात तलाव आटला, काठ उघडा पडला आणि मी चिखल तुडवत त्या बाभळीपाशी पोचलो. ते झाड बघण्यासारखं होतं. फांदीफांदीला चमचे, बेडूक, पॉपर, लाल-पिवळे मासे, कुणाची नुसती शिशाची गोळी. उपनगरातल्या समस्त हौशी लोकांचा प्रॉव्हिडंट फंड तिथं लटकला होता. माझा मासा उन्हानं पांढराफटक झाला होता, एका बाजूला तेवढी खवल्यांची नक्षी राहिली होती. एकही मासा न पकडता त्यानं सबंध उन्हाळा माझी वाट पाहिली, म्हणून त्याला निष्ठेसाठी निवृत्ती. हा निर्णय नियमात बसत नाही, पण निवड समितीत मी एकटाच आहे.

शोकेसमध्ये जागा मिळण्याआधी बायकोनं एक अट घातली. पुसताना तिच्या बोटात गळ घुसला होता, त्यामुळं अट रास्तच म्हणायची. "अहो, पोलिसांतसुद्धा रिटायर होताना रिव्हॉल्व्हर जमा करून घेतात," ती म्हणाली. तेव्हापासून इथं येणाऱ्या प्रत्येकाचे गळ पकडीनं काढून घेतले जातात. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मात्र सगळे पाटावर असतात, सेवेतले आणि निवृत्त. निवृत्तांना झेंडूचं मोठं फूल.

बाहेरच्या जगाचा या बाबतीतला व्यवहार मला पटत नाही. 15 सप्टेंबर 2023 ला बेस्टची जुनी डबलडेकर शेवटची धावली. त्यानंतर दीडेक महिन्यात काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. लोकांनी हार घातले, सेल्फी काढले, डोळे पुसले. पण तेव्हा त्या दोन्ही गाड्या खिळखिळ्या झालेल्या होत्या. निवृत्ती शोभली ती विजय मर्चंट यांना. 1951 मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध 154 धावा काढल्या, आणि ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला हे खरं, पण आमच्या बेडकाचाही पाय गेलाच होता.

हे सगळं मी एकदा भांडुपच्या खाडीकडच्या एका काकांना ऐकवलं. त्यांचा जन्म होडीत गेलेला. जाळं विणता विणता ते ऐकत होते.

"आन् तो गल चांगला हाय?" त्यांनी विचारलं.

"एकदम चांगला."

"मासा लागतो?"

"लागला ना, म्हणून तर ठेवला."

काकांनी सुई थांबवली. "तुजे कपाटान मासा येनार हाय का?"

त्यांच्याकडं जाळं फाटलं की शिवतात. शिवण्यापलीकडं गेलं की परसातल्या वांग्यांना कोंबड्यांपासून कुंपण करतात. कुंपणही कुजलं की चुलीपाशी जातं. काकांच्या घरी निवृत्ती कुणालाच नाही, काकांनाही नाही. पोट ज्याच्यावर आहे त्याला हळवेपणा परवडत नाही, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. माझं पोट पगारावर आहे, म्हणून मी घरी येऊन शोकेसची काच पुसली.

या धोरणाचे परिणाम व्हायचे ते झालेच. डब्यात आता सेवेत उरलेत ते एकजात नालायक. एक चमचा फिरतच नाही, ओढला की फरपटत येतो. एका माशाला बुडायचं असतं तेव्हा तो तरंगतो. आणि मागच्या रविवारपर्यंत एक पिवळ्या पोटाचा पॉपर होता, पाण्यावर 'पुळुक' असा आवाज करणारा. तो आवाज मासे सोडून सगळ्यांना आवडायचा. अशा पथकाला घेऊन मी रविवारी पहाटे निघतो. हात हलवत परतलो की बायको शोकेसकडं बोट दाखवते. "तुमची सगळी हुशार माणसं इथं बसलीत. जाताना न्यायची होती."

नेत नाही. नवीन लुअर एखाद्या माशाला लागलीच तर आनंद होण्याआधी माझ्या पोटात खड्डा पडतो, कारण आणखी एक कामाचा माणूस गेला.

आता वाचकांना एक विनंती. मे महिन्यात पवईच्या किंवा कुठल्याही तलावाच्या काठानं फिरायला गेलात, तर झाडाझुडपांत अडकलेली नायलॉनची दोरी दिसेल तेवढी कापून घरी आणा आणि कचऱ्यात टाका. पाणकावळ्यांच्या, बगळ्यांच्या पायात ती गुंतते आणि पक्षी लटकून मरतात. दोरीच्या टोकाला लुअर असेल तर खुशाल ठेवून घ्या. पिवळ्या पोटाचा, उजवा डोळा निघालेला पॉपर सापडला तर तो मीच मागच्या रविवारी गमावलेला आहे. तो परत करायची गरज नाही. त्याच्यावर कधीच काही लागलेलं नाही.