मोहीम सूर्यकूट

दिल्लीत डोंगर आहे म्हटलं की साताऱ्याचा माणूस हसतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. इथल्या अरवलीचा सर्वांत उंच माथा समुद्रसपाटीपासून जेमतेम 318 मीटर. साताऱ्याचं एसटी स्टँड त्याहून बरंच उंच. म्हणजे आमचे मामा पिशवी घेऊन स्टँडवर नुसते उभे राहिले, तरी दिल्लीतली सगळी शिखरं त्यांच्या पायाखाली. पण वयाचं विचाराल तर सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि दिल्लीचा खडक शंभर कोटींच्याही पलीकडचा. झिजत झिजत उरला तेवढा उरला, आणि उरलेल्यावर दिल्लीकरांनी वसाहती, फ्लायओव्हर आणि राष्ट्रपती भवन बांधलं. रायसीनाची टेकडी ही याच अरवलीची एक सोंड. ती चढायला घाम लागत नाही, मतं लागतात.

मामा दिल्लीला आले ते मामींच्या आग्रहाखातर. लाल किल्ला बघून म्हणाले, "सपाटीवर? याला किल्ला म्हणतात? हा तर वाडा आहे." कुतुबमिनारात 1981 च्या दुर्घटनेनंतर वर चढू देत नाहीत हे कळल्यावर त्यांनी तो लांबूनच बघितला, तोही पाठमोरे उभे राहून चहा पिता पिता. शेवटी पाहुण्याचं मन राखायला मी म्हणालो, कालकाजीचं देऊळ ज्या टेकडीवर आहे तिला सूर्यकूट पर्वत म्हणतात.

"पर्वत? वर देवी? आणि हे तू आज सांगतोस?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा हॉलमध्ये तयार. कानटोपी, काठी, पाठीवर सॅक. सॅकेत दोरी, विजेरी, शिट्टी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या. मामी जरीकाठाची साडी नेसून पर्स घेऊन उभ्या. "अहो, मी मेट्रोने जाते. तुम्ही दोघं करा काय मोहीम करायची ती," म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा.

बाहेर समोरची इमारत दिसत नव्हती. "काय धुकं आहे रे! थेट राजमाचीची आठवण झाली," म्हणत मामांनी छाती भरून श्वास घेतला. जानेवारीतल्या दिल्लीत हे धाडस करू नये. पुढची पाच मिनिटं ते नुसते खोकत होते.

"धुकं नाही मामा, धूर आहे. थोडा थोडा घ्या."

ऑटोवाल्याला मामांनी विचारलं, "पायथ्याला सोडणार का?" मी हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "पहाड़ी? कालकाजी में कौन-सी पहाड़ी, बाउजी? सीधा गेट पे उतार दूँगा." मामांना गेट नको होतं, सोंड हवी होती. म्हणून मी त्यांना आधी ईस्ट ऑफ कैलाशमध्ये इस्कॉनच्या देवळाजवळच्या एका बागेत नेलं. कैलाशच्या पूर्वेला असलेल्या वस्तीत उभं राहून पर्वत शोधावा लागावा, हे दिल्लीलाच शोभतं.

पण तिथे खडक आहे. खरा, उघडा, खरखरीत, तिरपा कातळ. बाजूला वेडी बाभूळ माजलेली. इकडे तिला विलायती कीकर म्हणतात. कातळावर काँक्रीटचं छप्पर, भोवती लोखंडी जाळी, आणि जाळीच्या आत सम्राट अशोक. त्याचा हा ब्राह्मी लिपीतला दहा ओळींचा लेख 1966 साली उजेडात आला. त्याआधी पोरं त्या दगडावरून घसरगुंडी खेळत, असं सांगतात. अक्षरं इतकी पुसट झाली आहेत की ते खोटं वाटत नाही.

मामांनी काठी जाळीला टेकवली. "काय म्हणतोय?"

मी सारांश सांगितला. राजा म्हणतो, मी अडीच वर्षांहून जास्त काळ उपासक आहे; पहिल्यांदा फार जोर लावला नाही, नंतर लावला. स्वर्ग काही फक्त थोरामोठ्यांसाठी नाही, लहान माणसानेही नेट लावला तर त्याला मिळतो.

"बघ!" मामा एकदम खूश. "आणि तुझी मामी मेट्रोने गेली."

त्यांना आता त्या कातळावर पाय ठेवायचाच होता. दगडाला हात लावून "पकड चांगली आहे" असा निर्वाळा द्यायची त्यांची जुनी सवय. जाळीतून बोटं घालून पाहिली, पुरेना. तेवढ्यात बागेत प्राणायाम करणाऱ्या एका आजोबांनी नाकपुडी न सोडता डोळे वटारले. मामांनी बोटं मागे घेतली.

तिथून देवळाकडे निघालो, आणि दिवसातला एकमेव अवघड टप्पा तेव्हा आला: रस्ता ओलांडणं. डावीकडून बस, उजवीकडून उलट्या दिशेने येणारी ई-रिक्षा, मधोमध दुभाजकावर निवांत बसलेली गाय. लिंगाण्याच्या कातळाला हसत हात घालणारे मामा माझा दंड घट्ट धरून म्हणाले, "दोर काढू का?" मी नको म्हणालो. पण दोघांना बांधून घ्यायची कल्पना अगदीच वाईट नव्हती.

पलीकडे मळलेली वाट लागली. दोन्ही बाजूंना लाल चुनऱ्या, नारळ, बांगड्या, इलायचीदाणे, "बहनजी, जूते इधर." मामा मान वर करून माथा शोधत होते. एका बाजूला 1986 साली खुलं झालेलं बहाई लोकांचं कमळ, दुसरीकडे नेहरू प्लेसच्या इमारती. सगळेच आमच्या पर्वतापेक्षा उंच. थोड्या पायऱ्या आल्या. मामांनी श्वास जुळवला, काठी टेकली, आणि चढाची लय सापडेपर्यंत पायऱ्या संपल्या.

"माची आली वाटतं. बालेकिल्ला कुठाय?"

"मामा, हाच माथा."

मागून "जयकारा शेरावाली दा!" असा पुकारा झाला, गर्दीने ढकललं, आणि बारा कोनांच्या गाभाऱ्याशी आम्ही चढून नव्हे, वाहून पोचलो. प्रत्येक बाजूला दार, सगळीकडे संगमरवर. ग्रहणातही हे देऊळ उघडं असतं, म्हणून सुतक पाळणारी मंडळी त्या दिवशी आवर्जून येतात. देवीला हात जोडून झाल्यावर मी मामांच्या कानात सांगितलं की देवळाचा जुना भाग मराठ्यांनी बांधलेला मानतात. नोंदीत "1764 च्या आधीचा नाही" असं आहे.

मामा जागच्या जागी थांबले. मागची दिल्ली त्यांच्यावर आदळली.

"1764? अरे, पानपत 1761 चं! तीन वर्षांत आपण दिल्लीत देऊळ बांधू?"

"आगे बढ़ो, आगे बढ़ो!" सेवेकरी ओरडला.

"'आधीचा नाही' म्हणजे नंतर कधीही! 1771 ला महादजींनी दिल्ली घेतली, त्याच्यानंतरचं असणार!" मामा मागे वळून सेवेकऱ्याला मराठीत सांगू लागले. त्याने "जय माता दी" म्हणत त्यांना अलगद बाहेर ढकललं. मला मामांचा तर्क पटतो. पुराव्याची मात्र पंचाईत आहे: चुन्याचं जुनं काम बघावं म्हणून त्यांनी भिंतीवर टकटक केली, तर हाताला गुळगुळीत संगमरवर.

बाहेर कट्ट्यावर मामी बसल्या होत्या. कपाळाला कुंकू, मांडीवर प्रसाद, पानात छोले-भटुरे. एक पंजाबी आजी त्यांना भटुऱ्याची कृती सांगत होत्या आणि मामी मराठीतून हुंकार देत होत्या.

"केव्हा आलात?" मामांनी विचारलं.

"अहो, दोनदा दर्शन झालं. मेट्रोला सरकता जिना आहे."

मामांनी खाली बसून सॅकमधून दशम्या काढल्या आणि नेहमीची वही उघडली. त्यांच्या हाताशी वाकून मी वाचलं:

सूर्यकूट. डोंगररांग: अरवली. श्रेणी: सोपी, रस्ता ओलांडताना अत्यंत कठीण. चढायला लागणारा वेळ: गर्दीवर अवलंबून. पाण्याची सोय: आहे. जेवणाची सोय: फार आहे. राहण्याची सोय: भाच्याकडे. वाटेत अशोकाचा लेख, आवर्जून पाहावा, हात लावू देत नाहीत. बांधकाम: मराठ्यांचे (वाद चालू).