कोथिंबीर सडवण्याची सोपी पद्धत

भाजी टिकवायची कशी हे सांगणारे पैशाला पासरी. ती वेळच्या वेळी सडवायची कशी, हे मात्र नवशिक्याला कोणी धड सांगत नाही. गेली वीस वर्षं एकही आठवडा न चुकवता मी हे करत आलोय, म्हणून चार शब्द.

सुरुवात खरेदीपासून. बाजार उठायच्या वेळी जावं. दिवसभर पाणी मारून मारून मावशींनी जुड्या टवटवीत ठेवलेल्या असतात. ‘‘न्या काका, तीन न्या, मला पण घरी जायचंय,’’ असं त्या म्हणाल्या की आपल्याला आमटीवर टाकायला चार काड्याच हव्या होत्या, हे विसरावं. तीन न्याव्यात.

घरी आल्यावर जुडी सोडू नये. खरी कला इथेच आहे. नळाखाली धरावी, दोनदा झटकल्यासारखं करावं आणि पाणी निथळत असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून वर गाठ मारावी. कोथिंबीर उपटल्यावरही श्वास घेत असते. त्याची वाफ पिशवीला आतून थेंब होऊन चिकटते नि परत पानांवर गळते. तिसऱ्या दिवशी जुडी वरून हिरवीगार दिसेल. निराश होऊ नये. सुतळीखाली बोट घालून पाहावं. तिथली पानं काळपट, बुळबुळीत झालेली असतात, आणि बोटाला जो वास लागतो तो साबणाने दोनदा धुतला तरी जेवताना येतो.

घरात आई असेल तर धोका आहे. आमची आई वर्तमानपत्र पसरून बसते, जुडी मोकळी करते, मुळं छाटते, पिवळी पानं काढून टाकते, उरलेली पंख्याखाली सुकवते आणि डब्यात सुती फडक्यात गुंडाळून ठेवते. धुते ती वापरायच्या वेळी. तिची कोथिंबीर दहा-दहा दिवस टिकते. अशा माणसाच्या नजरेला पिशवी पडूच देऊ नये.

आता फळं. पिकलेल्या केळ्यातून, आंब्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. कोकणात हापूसची आढी पेंढ्यात घालतात, तेव्हा ऊब आणि हाच वायू आत कोंडून आंबा पिकतो. आपण तोच प्रयोग पालकावर करायचा. पालकाची जुडी केळ्यांच्या फणीला टेकून ठेवावी. पालक पिकत नाही, पिवळा पडतो, तेवढं पुरे.

मिरच्यांचे देठ काढू नयेत, बुरशी बहुधा तिथूनच धरते. कांदे-बटाटे एकाच टोपलीत, तेही सिंकखालच्या बंद कपाटात. बटाट्याची ओल कांद्याला लागते, कांद्याला मोड येतात, आणि तळाचा एखादा बटाटा असा पाझरतो की आठवडाभर सगळं घर उंदीर मेलाय म्हणून शोधत राहतं. (बटाटे फ्रिजमध्ये ठेवले तर लवकर सडत नाहीत. गोड होतात आणि तळताना काळे पडतात. ते वेगळं शास्त्र.) टोमॅटोही फ्रिजमध्ये दिसायला छान राहतो, फक्त चव जाते. आपल्या उपयोगाचा नाही.

रविवारी फ्रिजचा खालचा खण उघडावा. पिशवीच्या कोपऱ्यात हिरवट-काळं पाणी साठलेलं दिसलं की काम फत्ते. गाठ न सोडता, हात लांब धरून, ती थेट कचऱ्याच्या गाडीपाशी न्यावी.

गाडीवरचा माणूस ती घेणार नाही. ‘‘पिशवी सुक्यात, आतलं ओल्यात,’’ असं म्हणेल आणि गाठ सुटेपर्यंत तिथेच उभा राहील.