एका दिवसात वन्यजीव-संशोधक व्हा (स्थळ : धावडा)

आधी कपडे. पांढराशुभ्र शर्ट घाला, वर अत्तर मारा. पाहुणे आल्याची वर्दी प्राण्यांना वेळेत मिळाली पाहिजे. भोकरदनला निवांत नाश्ता करून धावड्यात उतरा. तोवर ऊन चढलेलं असतं आणि अजिंठ्याच्या डोंगरात जे काही हलत होतं ते सावलीला गेलेलं असतं.

उतरल्याबरोबर दिसेल त्याला "वाघ कुठंय?" विचारा. तो 'जाळीचा देव' या महानुभाव तीर्थस्थानाचं नाव घेईल. तिथं चक्रधर स्वामी वाघाच्या पिलांशी खेळले, असं महानुभाव सांगतात. हे वहीत 'निरीक्षण' या रकान्यात लिहा. मग तोच माणूस, रोही मक्यात कोणत्या कोपऱ्यातून शिरतात आणि डुकरं कोणत्या ओढ्यानं येतात, हे सांगू लागेल. तेव्हा काढता पाय घ्या. एवढी माहिती फुकट मिळते, म्हणजे ती शास्त्रीय नसणार.

वाटेत पावलाचा ठसा दिसेल. त्यात नखं उमटली असतील तर तो बहुधा कुत्रा किंवा तरस. बिबट्या चालताना नखं आत ठेवतो. पण गटाला बिबट्याच हवा असेल तर मतदान घ्या. मोजपट्टी नको, सेल्फीत चप्पल येते तेवढं माप पुरे.

विष्ठा दिसली की नाक धरून पुढे चला. तिच्यातल्या केसांवरून बिबट्यानं काय खाल्लं ते कळतं, रोही त्याच त्या जागी लेंड्या टाकतात म्हणून ढीग मोजता येतात. पण हे कळल्यावर डबा कसा उघडणार?

कॅमेरा ट्रॅप वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर लावतात. बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीसारखे नसतात. दोन्ही बाजू मिळाल्याशिवाय जनावर एक की दोन, ते ठरत नाही. तुम्ही एकच लावा, तोही वनखात्याला न विचारता. त्यात शेळ्या, गुराखी आणि तुमचे सर येतील. ते फोटो पुसा, नाहीतर वाटेवर माणसांचा वावर किती हे उघड होईल.

वाघ दिसला नाही म्हणून रुसू नका. टिपेश्वर अभयारण्यातला 'वॉकर' नावाचा वाघ २०१९ मध्ये शेजारच्या बुलढाण्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तो शेतशिवारांतून, बहुतेक रात्रीचा, हजारावर किलोमीटर चालून. हे कळलं गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे.

अहवाल परतीच्या बसमध्येच उरका. 'परिसर जैवविविधतेनं समृद्ध आहे' एवढं वाक्य पुरतं. तारीख काय, वेळ काय, किती चाललात आणि काय दिसलं नाही, हे विचारणारा परीक्षक अजून तरी विरळा.