नेटवाले काका

नेटवाले काका हा नाशिक रोडच्या सोसायट्यांमध्ये आढळणारा, शेजाऱ्यांचं नेट दुरुस्त करून देणारा निवृत्त पुरुष होय. जेल रोड, उपनगर, जय भवानी रोड, देवळाली गाव अशा सगळ्या भागांत त्याची वस्ती आहे. चार मजली इमारतीला एक पुरतो. दोन असतील तर ते एकमेकांशी बोलत नाहीत. नोकरी बहुधा प्रेसमध्ये झालेली असते, म्हणजे टपाल तिकिटं, स्टॅम्प पेपर आणि पासपोर्ट छापणारी सिक्युरिटी प्रेस, नाहीतर १९२८ पासूनची करन्सी नोट प्रेस. रेल्वेतून आणि तोफखान्यातून आलेलेही काही असतात, पण त्यांची मजल वायर ओढण्यापुरतीच.

नेटदुरुस्तीचं रीतसर शिक्षण कोणत्याही काकांनी घेतलेलं नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पोरं पुण्या-मुंबईहून लॅपटॉप घेऊन घरी आली आणि केबलवाल्याचा पोऱ्या सोसायटीच्या गेटच्या आत यायला तयार होईना. तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर चढवून राउटर उलटा केला आणि बुडाची चिठ्ठी वाचली. तिथे १९२.१६८.१.१ असं छापलं होतं. जन्मभर छापील आकडे तपासलेल्या माणसाला तेवढा धागा पुरतो. महिन्याभरात सोसायटीतल्या निम्म्या राउटरांचे पासवर्ड त्यांच्या वहीत होते.

“काका, नेट गेलं,” ही तक्रार ते कधीच जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. “नेट गेलं की वायफाय गेलं?” हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरच्या वहिनी “तेच ते,” म्हणाल्या की काकांचा चेहरा पडतो. आधी दिवे बघायचे. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर बाहेरची तार तुटली, ती केबलवाल्याची बाब. लाल दिवा नाही, फोनवर वायफायची रेघ पूर्ण आहे आणि तरी ‘आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे’ हे वाक्य हटत नाही, तर दुखणं घरातलंच. मग काका खुर्ची मागतात. खुर्चीबरोबर चहा येतो, आणि तो आल्याशिवाय तपासणी पुढे सरकत नाही असा अनुभव आहे.

या दुखण्याची त्यांना खरी समज असते, हे मान्य करावंच लागतं. फोन वायफायला जोडला गेला म्हणजे काम झालं असं नसतं. त्याला घरातल्या घरात एक पत्ता लागतो. फोन आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो, राउटर एक पत्ता देऊ करतो, फोन तोच रीतसर मागतो आणि राउटर मंजुरी देतो. पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो. मुदत निम्मी उलटली की फोन ती वाढवून मागू लागतो. ही पद्धत १९९३ मध्ये ठरली आणि आजच्या रूपात १९९७ मध्ये आली. चारांतला एक निरोप हवेत विरला की गाडी अडते. काकांना ही कार्यपद्धती मनापासून पटते, कारण तिच्यात अर्ज आहे, मंजुरी आहे आणि मुदतवाढही आहे.

त्यांचा संताप होतो तो एकाच पत्त्याची दोन यंत्रं सापडली की. एका नंबरच्या दोन नोटा बाहेर पडाव्यात तसा हा प्रकार त्यांना वाटतो. कारण बहुतेक वेळा एकच निघतं. केबलवाल्याने दिलेल्या डब्यातच राउटर असतो, आणि आतल्या खोलीत रेंज मिळावी म्हणून पोराने जुना राउटर त्याच वायरीवर जोडून ठेवलेला असतो. दोघंही पत्ते वाटत बसतात. फोनला जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मिळतो, म्हणून नेट कधी चालतं, कधी नाही, आणि घरातली माणसं पावसाला दोष देतात. काका दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलतात, त्याची पत्ते वाटण्याची सोय बंद करतात आणि पेन खिशाला लावतात. कॉल सेंटरला तीनदा फोन करूनही न सुटलेलं हे कोडं त्यांनी सोडवल्याची बातमी संध्याकाळपर्यंत मुक्तिधाम मंदिराच्या बाकांवर पोचलेली असते. ती पोचवणारे अर्थात काकाच.

लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की ते नुसते हसतात. कोणीच पत्ता दिला नाही म्हणून विंडोजने तो स्वतःच स्वतःला घेतलेला असतो, आणि त्याच्यावर बाहेरचं एक पानही उघडत नाही.

वायफायच्या रेंजबाबत मात्र काकांचं ज्ञान आणि त्यांची श्रद्धा वेगळी काढणं अवघड आहे. राउटर टीव्हीमागच्या कोनाड्यात किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नये, स्लॅबच्या आणि विटांच्या भिंती लहरी खातात, माशांची काचपेटी मध्ये आली तर पाणीही खातं, मायक्रोवेव्ह सुरू असताना २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय अडखळतं, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतींपुढे लवकर दमतं: हे सगळं खरं आहे. राउटरचं तोंड ईशान्येला असावं, हे खरं नाही. दोन्ही सूचना ते एकाच आवाजात देतात.

त्यांची सर्वांत मोठी योजना म्हणजे मजलावार चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. म्हणून तळमजल्याला १, पहिल्याला ६, दुसऱ्याला ११ आणि तिसऱ्याला पुन्हा १. मोबाइल कंपन्या टॉवरांचं नियोजन याच तत्त्वाने करत आल्या आहेत, तेव्हा काकांच्या बुद्धीला दाद द्यायला हवी. योजना सर्वसाधारण सभेत मांडली गेली. पाण्याच्या टाकीचा विषय लांबल्याने ती चर्चेला आली नाही. तिसऱ्या मजल्याने नंतर आक्षेप घेतला की तळमजल्याचा उष्टा चॅनेल आम्हालाच का.

लाइट जाणं हा त्यांचा सुगीचा काळ. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी गच्चीवरून दिसत असली तरी लाइट जायची ती जातेच, आणि परत आली की घरातली सगळी यंत्रं एकदम जागी होतात. फायबरचा डबा आणि राउटर सावरायच्या आधीच फोन पत्ता मागून मोकळे झालेले असतात. काकांचा क्रम पक्का आहे: सगळं बंद, आधी डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, शेवटी फोन. मधल्या पाच मिनिटांत ते नोट प्रेसच्या गेटवरच्या झडतीची हकीकत सांगतात. पोरांना ती पाठ झाली आहे, पण नेट सुरू होईपर्यंत त्यांना दुसरं काही करताही येत नाही.

काकांच्या वहीला खरा दणका दिला तो फोनवाल्यांनी. प्रत्येक यंत्राचा कायमचा हार्डवेअर क्रमांक लिहून त्याला ठरावीक पत्ता राखून ठेवायचा, अशी त्यांची शिस्त होती. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून फोन खरा क्रमांक झाकून प्रत्येक वायफायला वेगळाच क्रमांक सांगू लागले; पुढच्या वर्षी आयफोनही त्याच वाटेला गेला. बाहेरच्यांनी माग काढू नये म्हणून ही सोय आहे, हे कोपऱ्यावरच्या वहिनींच्या कॉलेजातल्या मुलीने त्यांना समजावलं. पासपोर्टची पुस्तकं छापलेल्या माणसाला ते पटणं शक्यच नव्हतं. आता ते घरोघरी जाऊन ही सोय बंद करून देतात, आणि पोरं ती रात्री पुन्हा चालू करतात.

उन्हाळ्यात काका महिनाभर हिंजवडीला मुलाकडे जातात. तिथे छताला चकत्यांसारखे तीन राउटर आहेत आणि ते आपसांत ठरवून फोन इकडून तिकडे सोपवतात. सूनबाईंनी सासऱ्यांना वायफायचा पासवर्ड पहिल्याच दिवशी दिला आहे. सेटिंगचा दिलेला नाही.