रस्ता कोर्टात आहे

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गावाकडच्या रस्त्याच्या चार अवस्था असतात: मंजूर झालेला, खडी पडलेला, डांबर झालेला आणि उखडलेला. यातली डांबराची अवस्था फार अल्पायुषी. उरलेल्या तिन्हींत माणसं जन्माला येतात, शाळेत जातात, लग्नं करतात आणि ‘येत्या मार्चअखेर काम होतंय’ हे ऐकत म्हातारी होतात.

युरोप-अमेरिकेत ही चैन सहजासहजी मिळत नाही. म्हणून तिकडच्या लोकांनी खडी, मुरूम आणि माती तुडवायला वेगळी सायकल काढली. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीचं, खाली वळलेलं. टायर मात्र जाडजूड, चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद. त्यात हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे दगडाचा दणका टायर खातो आणि मणके वाचतात, असं दुकानदार सांगतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी 2006 पासून अशा रस्त्यांवरून 200 मैलांची शर्यत होते आणि लोक पैसे भरून तिच्यात जातात. इटलीत टस्कनीतले पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून 1997 साली जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली. ‘आमच्या रस्त्यावर डांबर टाकू नका’ असा ठराव आमच्या ग्रामसभेत कोणी मांडून बघावा. इतिवृत्तात नोंद होण्याआधी मांडणारा गावाबाहेर गेलेला असेल, आणि तोही उखडलेल्या रस्त्यानं.

आमच्याकडे या सायकलीची सोय निसर्गानं आणि ठेकेदारांनी मिळून केलेली आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेला डोंगरांच्या सोंडा निघतात आणि दोन सोंडांच्या मधून एकेक नदी कृष्णेकडे येते. वेण्णा माहुलीला मिळते, तारळी उंब्रजला, कोयना कराडला, वारणा पार खाली सांगलीजवळ हरिपूरला. नकाशावर हे सगळं मोठं प्रेमाचं दिसतं. पायथ्यापायथ्यानं सायकल घालून बघितल्यावर कळतं की प्रत्येक नदी म्हणजे एक उतार आणि पुढच्या नदीआधी एक चढ. संगमाचं पुण्य नद्यांना, धाप आपल्याला.

आमच्या कराडच्या गटात एक डॉक्टर, एक बियाण्यांचे दुकानदार, एक निवृत्त प्राचार्य आणि मी. मार्ग काढायला आम्हाला समर्थ रामदासच सापडले. त्यांच्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात, दोन सांगलीत आणि दोन कोल्हापुरात. चाफळला दोन, मग माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर, नदीकाठानं खाली बहे आणि तिकडे शिराळा. कोल्हापूरकर दोघांना आम्ही पुढच्या खेपेवर टाकलं. समर्थांनी बलोपासना सांगितली ती तरुणांना. पण साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांनी तिची खरी गरज पन्नाशीतल्या पोटांना लागेल हे त्यांनी ओळखलं असावं, एवढ्या बेतशीर अंतरांवर हे मारुती आहेत. चाफळहून शिंगणवाडीला जाताना चढ लागतो, तिथं प्राचार्य उतरले आणि ‘देवस्थानाकडे पायीच जायचं असतं’ म्हणाले. पुढं हे तत्त्व त्यांनी प्रत्येक चढाला पाळलं, मग वर देव असो वा पाण्याची टाकी.

शहापूरचा मारुती या सगळ्यांत आधीचा, 1644 सालचा मानतात. मूर्ती चुन्याची. मसूरहून तिकडे जायला सरळ सडक आहे. पण सडकेनं जायचं तर इतकी महाग सायकल घेतली कशाला? डॉक्टरांच्या फोनमध्ये शेतातून जाणारी एक सुरेख रेघ होती. त्या रेघेवर आम्ही किलोमीटरभर गेलो आणि समोर ऊस उभा राहिला. फोन म्हणे सरळ जा. बांधावर एक आप्पा म्हशीला वैरण कापत होते.

“आप्पा, हितनं फुडं रस्ता हाय न्हवं?”

“हाय की.”

“दिसंना झालाय.”

“कोर्टात हाय.”

फोनमधली ती रेघ म्हणजे एक पाणंद. पाणंद म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. शेतात जायची गावाच्या वहिवाटीची वाट. गावनकाशावर ती तुटक दोन रेघांनी दाखवलेली असते. दोन्ही बाजूचे शेतकरी दरसाल नांगराचं एकेक तास आत सरकतात, आणि दोन पिढ्यांत बैलगाडीची वाट शेळीची होते. तिसऱ्या पिढीत तीही एकजण अडवतो आणि भावकी तहसील कचेरीत जाते. अडवलेली वाट मोकळी करून मागायची तर 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम 5. बांधावरून नवी वाट मागायची तर 1966 चा जमीन महसूल अधिनियम, कलम 143. आप्पांना दोन्ही कलमं पाठ होती. त्यांच्या वडिलांना पहिलंच पाठ होतं, कारण तेव्हा दुसरं निघालं नव्हतं. स्थळपाहणी कधी झाली, पंचनाम्यावर कुणी सही केली नाही, चुलतभावानं रातोरात उसाची लागण कशी केली, हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. शेवटी म्हणाले, “तुमी शहरातली शिकल्याली माणसं. सायबाला सांगा की, आमी हितनं जाऊन बघितलं, जाता येत न्हाई म्हणून.” आम्ही मागं फिरलो. डॉक्टरांचा फोन अजून सरळच जा म्हणत होता.

वाटांचं ज्ञान ज्यांना होतं ती माणसं वेगळी. कराडच्या खाली शेणोलीजवळ 7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं रेल्वेची पगाराची गाडी लुटली. इंग्रजांचे पोलीस मागावर आणि ही माणसं याच रानांतून नाहीशी झाली. तिथून पुढं मच्छिंद्रगडाच्या पायथ्याला येडेमच्छिंद्र, प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव. तुफान सेनेला उपग्रह नव्हते. आम्हाला चार-चार उपग्रह एकाच वेळी वाट दाखवतात आणि तरी आम्ही कुणाच्या तरी गोठ्यात निघतो.

सायकलीची खरी परीक्षा बह्याला झाली. रस्त्यावर नव्हे, पारावर. बह्याला कृष्णेच्या पात्रात बेट आहे, त्यावर रामलिंगाचं देऊळ. रामाच्या पूजेत नदीच्या पुरानं विघ्न येऊ नये म्हणून मारुतीनं हात पसरून प्रवाह दुभंगला, अशी कथा. दर्शन घेऊन आम्ही चहाला थांबलो. सायकली भिंतीला टेकवल्या तसे चौघे-पाचजण गोळा झाले.

“गिअरची हाय व्हय?”

“हो.”

“स्ट्यांड कुठाय?”

“हिला नसतो.”

“क्यारेज?”

“नाही.”

“मडगार? घंटी? कुलूप?”

डॉक्टर मान हलवत राहिले.

“मग दिलंय काय तुमाला?”

यानंतर किमतीचा प्रश्न येणार हे ठरलेलं. सायकलीची खरी किंमत जगात फक्त दुकानदाराला ठाऊक असते. घरी सांगायची वेगळी, गावात सांगायची वेगळी. आकडा लाखाच्या वरचा. डॉक्टर ‘बावीस हजार’ म्हणाले. पारावर शांतता पसरली. मग एक म्हातारबाबा हळहळले, “बावीस हजारात जुनी स्प्लेंडर आली आस्ती, डाक्टर.” त्यांनी आणखी एक शंका काढली, “आन् कराडवरनं ह्यावर आलाय? एष्टी बंद हाय का आज?”

खरं म्हणजे या खोऱ्याचं सायकलीशी जुनं नातं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात दुकान काढलं ते सायकलीचंच. पुढं त्यांचे लोखंडी नांगर निघाले आणि 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. म्हणजे या खोऱ्याच्या कारखानदारीचं मूळ दोन चाकांत आहे. मी हे पारावर सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, “त्यांच्या सायकलीला स्ट्यांड आसंल.”

बाकी या मुलखाची तीन तऱ्हेची जमीन आहे आणि तिन्हींचा सायकलीवर सारखाच राग आहे. नदीकाठचं काळं रान पावसाळ्यात टायरला असं धरतं की चाकच फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. खानापूर-आटपाडीकडे मुरूम पक्का आणि उतार देखणे, पण बाभळीचे काटे टायरमधला भोकं बुजवणारा चीक संपवून मगच थांबतात. आणि मधल्या पट्ट्यात गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, पुढं कर्णकर्कश गाणं. गाणं आधी येतं ही त्यातली दया. ऐकू आलं की चारीत उतरायचं.

2021 साली शेत-पाणंद रस्त्यांची मातोश्री योजना आली आणि काही पाणंदींवर खडी-मुरूम पडू लागला. आमच्या गटात यावर दोन मतं आहेत. प्राचार्यांना जुन्या वाटा जायला नकोत. बियाण्यांच्या दुकानदारांचं म्हणणं, ज्याचा ऊस वाटेअभावी रानात वाळतो त्याला जाऊन हे सांगा, मी लांब उभा राहतो. माझं मत दुकानदारांच्या बाजूनं. आप्पांची पाणंद पक्की झाली तर मी तिच्यावरून साधी सायकल चालवीन.

तुम्हाला यायचं असेल तर दिवाळी ते शिमगा या दिवसांत या. मुरूम बसलेला असतो, नद्यांना पाणी असतं, उन्हाचा ताप नसतो. खोबरं-गूळ खिशात ठेवा, नकाशावर विसंबू नका, बांधावरच्या माणसाला विचारा. आणि कृपा करून सायकलीला स्टँड बसवून आणा. मागं येणाऱ्यांना फार उत्तरं द्यावी लागतात.