भगव्याची बादली

मराठ्यांच्या इतिहासाची वेबसाइट काढायची, तर आधी नकाशा हवा. ‘मराठा साम्राज्य’ म्हणून शोधा, भगवा रंग बादलीने ओतलेला मिळतो. अटक हवं? आहे. काबूल? थोडं खाली जा, तेही घेतलंय आपण. कोणी काढला, कशावरून, असं विचारणारा नतद्रष्ट.

१७६० चा एक नीटस नकाशा मात्र जिथेतिथे दिसतो. तो चार्ल्स जॉपेन या जेझुइट पाद्र्याच्या, शाळा-कॉलेजांसाठी काढलेल्या १९०७ च्या अ‍ॅटलासमधला. पण खाली ‘पेशवेकालीन दुर्मिळ नकाशा’ लिहिलं की काम फत्ते! त्या काळाच्या खरोखर जवळचा, जेम्स रेनेलचा १७८२ चा नकाशा डेव्हिड रम्झी संग्रहात फुकट पाहता येतो. ओढ्यानाल्यांपर्यंत मोठा करून बघा. पण तो कोण लावणार? त्यात पुण्याचे मराठे वेगळे, वऱ्हाडचे वेगळे. घरातली वाटणी चव्हाट्यावर कशाला!

चित्रांचं तर विचारूच नका. पानिपतावर भाऊसाहेबांच्या घोड्याला पाच पाय. आणि कोपऱ्यात वेबसाइटवाल्याचा ठसठशीत शिक्का : ‘कृपया चित्र चोरू नये.’