कृपया हात लावू नये

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा जायकवाडी धरणाला काही धोका पोचला नाही. धोका आमच्या गल्लीला पोचला. खात्यात होते तोवर त्यांचे हात बांधलेले होते. धरणाला २७ दरवाजे, पण वरून हुकूम आल्याशिवाय त्यातला एकही इंचभर उचलायची सोय नाही. त्यामुळे नोकरीची सगळी वर्षं नानांनी रजिस्टरात पातळी, आवक, विसर्ग आणि बाष्पीभवन लिहिण्यात काढली, आणि उचलायची राहून गेलेली दारं निवृत्तीनंतर आमच्या घरांतून उचलायला सुरुवात केली.

कुणाची मोटार पाणी ओढत नाही हे त्या घरच्या माणसांना कळायच्या आत नाना पान्हा घेऊन हजर. लग्नात आचाऱ्याच्या हातातला झारा घेणार, कीर्तनात तबलजीला हातोडी कुठे मारायची ते खुणेने सांगणार. एकदा एका विणकराच्या मागापाशी पैठणीचा पदर बघत उभे होते. मोराची मान जरा ताठ पाहिजे, असं म्हणत त्यांनी ताण्याला बोट लावलं. विणकर शांत माणूस. तो नानांना काही बोलला नाही. त्याने घरी काकूंना फोन केला.

नानांना वाईट करायचं नसतं. उलट जिथे त्यांचा जीव जडतो तिथेच त्यांचा हात जातो, आणि त्यांचा जीव कशावरही जडतो. शाळेच्या सहलीत मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहायला गेले होते, तेव्हा एक मासा हलेना म्हणून त्यांनी काचेवर टकटक केली होती. रखवालदाराने कान धरून बाहेर काढलं. ही गोष्ट ते अजून सांगतात, आणि शेवटी न चुकता म्हणतात, "पण मासा हलला."

अशा माणसाच्या घरी समुद्रफूल यावं ही त्या फुलाची पत्रिका.

झालं असं की चिरंजीव पुण्यात नोकरीला. त्याने हौसेने खाऱ्या पाण्याची तीन फुटांची टाकी केली होती. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी, थोडे दगड आणि एक समुद्रफूल. कंपनीने त्याला बंगळुरूला हलवलं आणि टाकी इकडे पैठणला आली, टेंपोतून, समुद्राच्या पाण्याचे ड्रम बरोबर घेऊन. पहिल्या शतकातला एक ग्रीक दर्यावर्दी लिहून गेलाय की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि इथून गाड्या भरभरून अकीक तिकडे जातो. म्हणजे इथला माल समुद्राकडे जायचा एवढंच दोन हजार वर्षं ठाऊक. समुद्रच पैठणला यायची ही पहिली वेळ असावी, आणि तोही दुपारच्या जेवणाआधी पोचला.

गावाला नवल वाटलं, पण आठवडाभरच. ज्या गावात रेड्याने वेद म्हटले तिथे टेबलावरच्या समुद्राची मातब्बरी किती टिकणार? फक्त एक प्रश्न सगळ्यांनी विचारला: "नाना, शेजारी एवढा नाथसागर असताना हे मिठाचं पाणी काहून करायलेत?" मग नाना समजावत. नाथसागर म्हणजे आपल्या धरणाचा जलाशय, नावाचाच सागर, पाणी गोदावरीचं, गोडं. त्यात हे फूल तासाभरात मरेल. याला लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार लागतात, आणि तेही किराणा दुकानातलं मीठ नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं योग्य प्रमाणात असलेलं पाकिटातलं मीठ. पाणी गाळलेलं, तापमान पंचवीस-सव्वीस. एवढं सांगून होईतो विचारणारा पुढच्या गल्लीत पोचलेला असे.

फूल म्हणायचं, पण तो प्राणी. मी पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा हिरवट तपकिरी रंगाची, टोकाशी बुडबुड्यासारखी फुगलेली पन्नास-साठ बोटं डुलत होती. मध्ये चिरेसारखं तोंड. खाली जाड पाय, तो दगडाच्या फटीत घट्ट रोवलेला. प्रत्येक बोटात न दिसणारे सूक्ष्म डंख. पण तो पट्ट्यापट्ट्यांचा मासा त्यातच लोळत होता, त्याच्या अंगावरच्या चिकट थरामुळे त्याला ते बाधत नाहीत. नानांनी मला त्याच्या पचनसंस्थेविषयी सांगितलं तेव्हा आवाज जरा खाली घेतला. "एकच दार आहे हो याला. आवक तिथून, विसर्ग पण तिथूनच."

रजिस्टर अर्थातच सुरू झालं होतं. टाकीच्या काचेवर लाल पट्टी चिकटवून तिच्याखाली 'पूर्ण संचय पातळी' असं लिहिलेलं. धरणाची ती १५२२ फूट, टाकीची सव्वा फूट. बाष्पीभवन मात्र त्यांना चिरंजिवापेक्षा चांगलं कळे. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. नाथसागर पसरट आणि उथळ, त्याचं पाणी उन्हाने किती जातं हे ज्याने वर्षानुवर्षं मांडलं त्याला हे सांगावं लागलं नाही. हे एक काम नानांनी चोख केलं. बाकी सगळीकडे त्यांचा हात गेला.

समुद्रफुलाची शुश्रूषा ज्यांना येते त्यांचं म्हणणं एकच: पाणी स्थिर ठेवा आणि हात खिशात ठेवा. ते कधी भोपळ्याएवढं फुगतं, कधी लिंबाएवढं आक्रसतं, मधूनच तपकिरी गाळ ओकतं. हे सगळं त्याचं रोजचं. नानांना ते रोज अत्यवस्थ वाटे. आक्रसलं की बंगळुरूला व्हिडिओ कॉल. "अरे, सुकायलंय हे!" "नाना, ते पोट साफ करतंय. राहू द्या." राहू देणं हा शब्द नानांच्या रजिस्टरात नव्हता.

फाल्गुनात त्यांच्या लक्षात आलं की फुलाचा दगड दारातून नीट दिसत नाही. त्यांनी तो अलगद फिरवून ठेवला. समुद्रफुलाला जागा पटली नाही की ते रात्री चालू लागतं. पाय सैल करून सरकतं. हेही तसंच निघालं आणि लाटा करणाऱ्या पंख्याच्या जाळीशी जाऊन पोचलं. सकाळी पाण्यात चिंध्या तरंगत होत्या, पायाला मोठी फाट पडली होती. नाना टाकीपुढे खुर्चीत बसून होते आणि काकू त्यांना चहा घ्या म्हणत होत्या. मी आजवर नानांना दोनदाच गप्प पाहिलंय. २००६ च्या पुरात गावात पाणी शिरलं तेव्हा, आणि त्या सकाळी.

ती शांतता दहा मिनिटं टिकली. मग इलाज सुरू झाले. हळद काकूंनी हातातून काढून घेतली. निर्जंतुक म्हणून डेटॉल आणलं, ते मी काढून घेतलं. शहरातल्या एका मासेवाल्याने फोनवर निळं औषध सुचवलं. चिरंजीव तिकडून ओरडला की त्यात तांबं असतं आणि तांब्याने मासे वाचले तरी असले बिनकण्याचे जीव मरतात. हे ऐकून काकूंनी हळूच देवघराकडे पाहिलं. टाकीत भर घालायचं गाळलेलं पाणी नाना चार दिवसांपासून, अधिक शुद्ध व्हावं म्हणून, रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवत होते. कळशी पुन्हा देवापुढे गेली, टाकीचं निम्मं पाणी बदललं आणि त्या दिवशीच्या शेऱ्याच्या रकान्यात फक्त एक आडवी रेघ आली.

दोन दिवसांनी तोंड उघडं पडलं, आतलं बाहेर दिसू लागलं. जखम चिघळल्याची ही खूण. आता सिप्रोफ्लॉक्सासिन, असं चिरंजिवाने सांगितलं. माणसाला जंतुसंसर्गावर देतात तेच. औषधाच्या दुकानात मी बरोबर होतो.

"पेशंटचं वय?"

"नक्की नाही सांगता येणार," नाना म्हणाले. "पण साठ वर्षंही जगतात. स्कॉटलंडात १८२८ साली समुद्रातून काढलेलं एक १८८७ पर्यंत बरणीत होतं. मालक मेले, ते नाही. गेल्यावर पेपरात बातमी आली."

दुकानदाराने चिठ्ठी मागितली. चिठ्ठीसाठी आम्ही गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या भल्या माणसाने खातंपितं का, अंग गरम आहे का, एवढं सवयीने विचारलं आणि मग फोटो पाहून बराच वेळ चष्मा पुसला. लिहून मात्र दिलं.

मग न्हाणीघराशेजारी दवाखाना उघडला. वीस लिटरची बादली, हवेचा पंप, अर्धी गोळी. औषध उजेडात मरतं म्हणून डोस रात्री, दिवे मालवून. सकाळी सगळं पाणी फेकून आदल्या दिवशी कालवलेलं नवं खारं पाणी. ऊन वाढलेलं, म्हणून बर्फाच्या बाटल्या. लाइट गेली की नाना हातपंख्याने वारा घालत. पाण्याला घालत होते की स्वतःला, ते अंधारात कळलं नाही. "नाथांनी तहानल्या गाढवाला काशीची कावड पाजली," ते म्हणाले, "आपण तर याला नुसतं मीठपाणी करायलोत." माशांच्या जोडीला भेटायला बंदी होती. काकू एकदाच म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला याच्यातली एक रात्र मिळाली असती तर." नानांनी लगेच गुडघा दाबून दिला. काकू दुसऱ्या दिवशी लंगडत होत्या.

खाण्याचा प्रश्न वेगळाच. आजारी फुलाला खाऊ घालू नये, पचलं नाही की तेच सडतं. पण बरं वाटल्यावर कोळंबीचा नखाएवढा तुकडा लागणार, आणि नाना माळकरी. ते पहाटे तोंडाला उपरणं गुंडाळून धरणाकडून येणाऱ्या मासेवालीकडून पाव किलो झिंगे घेऊन आले. काकूंनी फ्रिजला पाठ लावली. तेव्हापासून ते झिंगे आमच्या फ्रिजमध्ये, 'नाना – औषध' असं लिहिलेल्या डब्यात आहेत.

औषधाचा कोर्स संपला. फूल टाकीत परत गेलं, पंख्यापासून लांब, जाळीदार टोपलीत. वास येत नव्हता म्हणजे जिवंत होतं. मेलेल्या समुद्रफुलाला असा वास सुटतो की सांगावं लागत नाही. पण ते पाय रोवेना. कसं रोवणार? चिकटलंय का हे बघायला नाना तासातासाला बोटाने ढकलून पाहत. चिकटायला आलेलं सुटे. सुटलं की नाना खचत, आणि खचलं की पुन्हा ढकलून पाहत. गावातल्या पोरांनी आंब्याची कोय पेरून रोज उकरून बघावी तसा प्रकार.

आणि नाथषष्ठी आली. गावात लाखांनी माणूस, वाळवंटात राहुट्या, गल्लीगल्लीत दिंड्या. नानांच्या घरी दरवर्षीची एक दिंडी उतरते, आणि टँकरचं नियोजन मंडळाने नानांकडे दिलेलं, कारण ते दुसऱ्या कशात तरी हात घालण्यापेक्षा बरं. षष्ठीच्या सकाळी काकूंनी टाकीच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. "सामान आहे आत बायकांचं," एवढंच म्हणाल्या. टाकीचे दिवे आपोआप लागत-मालवत होते. संध्याकाळी काकू आत जात, लाल पट्टीपर्यंत पाणी घालत आणि बाहेर येत. एकदा एका वारकरी आजीने मागोमाग जाऊन उदबत्ती काढली, तीही त्यांनी गोड बोलून परत पिशवीत घालायला लावली. नाना तीन दिवस टँकरवाल्यांशी भांडत होते, व्हॉल्व्ह फिरवत होते, नळ्या सरळ करत होते. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नाही.

अष्टमीला काला झाला, दिंड्या परतल्या, कुलूप निघालं. टोपली रिकामी होती. फूल टोपलीतून उतरून मागच्या दगडाच्या फटीत जाऊन बसलं होतं. पाय घट्ट, तोंड मिटलेलं, बोटं फुगलेली, आणि मासे त्यात लोळत होते. दोन आठवड्यांनी तर एका सकाळी फुलं दोन दिसली. ही जात मधोमध चिरत जाऊन एकाची दोन होते. कधी चांगल्या पोसण्याने, कधी त्रासानेही. नेमकं कशाने, हे काकूंनी विचारलं नाही. नानांनी मात्र रजिस्टरात लिहिलं: 'उपचारांना पूर्ण यश. पेशंट जुळी.'

बंगळुरूहून चिरंजीव आला, सगळी हकिगत आईकडून ऐकली आणि सक्त ताकीद देऊन गेला. नानांनी ती मनावर घेतली. त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात 'कृपया हात लावू नये' अशी पाटी करून टाकीच्या काचेवर टांगली; येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, असं म्हणाले. पाटी पंपाच्या थरथरीने तिरकी होते. ती सरळ करायला त्यांना दिवसातून सात-आठ वेळा तिथे जावं लागतं.